विधवा प्रथा बंदीचा ठराव: कागदावरून अंगणात कसा उतरवायचा

तिरडी बांधून झालेली असते. पुरुष अंगणात उभे असतात, कुणीतरी मडक्याला दोरी बांधत असतं. तेवढ्यात आतून एक वयस्क बाई जिचा नवरा गेलाय तिला दंडाला धरून बाहेर आणते. हात उंबऱ्यावर किंवा पाट्यावर ठेवला जातो आणि बांगड्यांवर दगड बसतो. काच मनगटात घुसते, पण त्या वेळी ते कुणी पाहत नाही. मग पदराने कपाळ पुसलं जातं, मंगळसूत्र ओढून काढलं जातं, पायातली जोडवी काढताना बोट सुजलेलं असेल तर तेल किंवा साबण लावतात. हे सगळं पाच-दहा मिनिटांत उरकतं. काही गावांत हे घरी होतं, काही ठिकाणी नदीवर, तर काही समाजांत दहाव्याला. पुष्कळ ठिकाणी हे काम करायला दुसऱ्या विधवा बाईलाच पुढे करतात. म्हणजे जिने हे भोगलंय, तिच्याच हातात दगड.

विधवा प्रथा बंदी म्हणजे ही पाच-दहा मिनिटं घडू न देणं, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्या बाईला हळदीकुंकवाला, लग्नाला, पूजेला, शेतातल्या निर्णयाला बाजूला न सारणं. महाराष्ट्रात यासाठी अनेक ग्रामपंचायतींनी ठराव केले आहेत. ठराव करणं अवघड नाही, एका ग्रामसभेत होतो. तो अंगणात उतरवणं अवघड आहे. म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहिलं आहे.

एका अंत्यविधीतून सुरू झालेली गोष्ट

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे महात्मा फुले समाजसेवा मंडळाचं काम करतात. करोनाच्या पहिल्या लाटेच्या काळात त्यांचा एक सहकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. अंत्यविधीच्या वेळी त्या सहकाऱ्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं त्यांनी समोर पाहिलं. असं पाहिलेलं आपल्यापैकी बहुतेकांनी आहे. फरक पुढे पडला. झिंजाडे यांनी मुद्रांकावर स्वतःचं प्रतिज्ञापत्र केलं: माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीला या प्रथा पाळायला लावू नयेत. समाजमाध्यमांवर त्यांनी हा विषय मांडला, इतर पुरुषांना असंच लिहून द्यायला सांगितलं, आणि ग्रामपंचायतींकडे ठरावाचा आग्रह धरला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने तो उचलला. मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. याच शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला होता, हे त्या भागातल्या लोकांना सांगावं लागत नाही. १७ मे २०२२ रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं आणि हेरवाडचा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा, त्यासाठी जिल्हा परिषदांनी जनजागृती करावी, असं सांगितलं. हातकणंगले तालुक्यातलं माणगाव आणि नंतर इतरही गावं पुढे आली.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या आणि १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. धोंडो केशव कर्वे यांची पत्नी १८९१ साली गेली. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी लग्न केलं, वाळीत पडले, आणि १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. दोघांनीही आपल्या घरातलं दुःख दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशा एका ठोस व्यवस्थेत घातलं. प्रतिज्ञापत्र आणि ठराव हीसुद्धा तशीच व्यवस्था आहे, फक्त तिला इमारत लागत नाही.

प्रतिज्ञापत्र नवऱ्याने का करायचं

बांगड्या फोडल्या जातात त्या गेलेल्या माणसाच्या नावाने. “त्याच्या जिवाला शांती लाभायची नाही”, “सासऱ्याची अब्रू जाईल”, “लोक काय म्हणतील” ही त्या वेळची वाक्यं. बाईने स्वतः नाही म्हटलं, तर तिला नवऱ्याचं दुःख नाही असा अर्थ काढतात. तिच्या भावाने विरोध केला, तर तो ‘बाहेरचा’ ठरतो. अंगणातल्या कुणाच्याच शब्दाला त्या वेळी वजन नसतं, एकाचा अपवाद सोडून, आणि तो बोलू शकत नाही.

प्रतिज्ञापत्र नेमकं तिथे उपयोगी पडतं. गेलेल्या माणसाची स्वतःची इच्छा, त्याच्या सहीची, मोठ्याने वाचून दाखवता येते. मृताच्या शेवटच्या इच्छेला आपल्या समाजात फार मान आहे, आणि तोच मान इथे बाईच्या बाजूने उभा राहतो. बांगड्या फोडायला निघालेली आजीही “पोराने लिहून ठेवलंय” म्हटल्यावर थांबते, कारण आता तिच्या डोक्यावर दोष राहत नाही.

कागद साधा असावा. मुद्रांकावर, नोटरीसमोर केला तर लोकांना तो ‘पक्का’ वाटतो, म्हणून ज्यांना परवडतं त्यांनी तसा करावा. पण मुद्रांक लागतोच असं नाही. कोऱ्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन लिहिलेलं पत्रही अंगणात तेवढंच काम करतं. मजकूर असा चालेल:

“मी, अमुक, वय अमुक, राहणार अमुक, लिहून देतो की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र व जोडवी काढू नयेत. तिने काय ल्यावं व काय नाही हे तिने ठरवावं. घरातल्या व गावातल्या कोणत्याही शुभकार्यात तिला पूर्वीसारखाच मान असावा. तिला पुन्हा लग्न करायचं झाल्यास माझ्या घरच्यांनी अडवू नये. ही माझी इच्छा आहे, माझ्या आई-वडिलांनी, भावांनी व मुलांनी ती पाळावी.”

शेवटच्या वाक्यात आई-वडिलांचा आणि भावांचा उल्लेख हवाच, कारण त्या दिवशी निर्णय त्यांच्या हातात असतो. या पत्रात जमीन, घर, पैसे यांचा विषय आणू नका. मालमत्तेसाठी मृत्युपत्र वेगळं करावं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांनी सही करणं आवश्यक असतं. दोन्ही विषय एका कागदात आले की भावकीचं लक्ष मालमत्तेकडे जातं आणि प्रतिज्ञापत्राचाच वाद होतो.

प्रती चार करा. एक पत्नीकडे, एक सासर-माहेर दोन्हींना धरून असलेल्या नातेवाइकाकडे, एक ग्रामपंचायतीत, एक मित्राकडे. ट्रंकेत कुलूपबंद ठेवलेला कागद तेराव्यानंतर सापडतो. तोवर बांगड्या फुटलेल्या असतात.

ग्रामसभेतला ठराव

आधी महिलांची सभा. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. कागदोपत्री ती होते, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. या विषयासाठी ती खरी घ्या. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, पंचायत कार्यालयाऐवजी अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीच्या जागी. पहिला अर्धा तास विषय काढूच नका. एखादी बाई स्वतःच्या अनुभवावर बोलू लागली की बाकीच्या बोलतात. विधवा बायकांना पुढच्या रांगेत बसवून “तुमच्याबद्दल चर्चा आहे” असं करणं ही मोठी चूक. त्या अवघडतात आणि पुन्हा येत नाहीत. या सभेत विरोधही ऐकून घ्या. “आमचं आयुष्य गेलं असंच, हिचं काय मोठं?” असं म्हणणाऱ्या बाईच्या रागात तिचं स्वतःचं दुःख असतं. तिला गप्प केलं, तर पुढच्या मयताला दगड तिच्याच हातात दिसेल.

मग मुख्य ग्रामसभा. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी आणि विशेष सभेची चार दिवस आधी द्यावी लागते. विषयपत्रिकेवर हा विषय स्वतंत्रपणे लिहिलेला असावा, ‘आयत्या वेळचे विषय’ यात ढकलू नये. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेत ठराव करता येतो, पण शंभर माणसांच्या तोंडून ‘मंजूर’ निघालेल्या ठरावाचं वजन तहकूब सभेतल्या ठरावाला येत नाही. सूचक आणि अनुमोदक दोन्ही महिला असाव्यात, त्यातली एक शक्यतो वयाने मोठी आणि गावात मान असलेली.

ठरावात “विधवा प्रथा बंद करण्यात येत आहे” एवढं एक वाक्य लिहून थांबू नका. त्या वाक्याने काम कुणी करायचं हे ठरत नाही. चार गोष्टी स्पष्ट लिहा. कोणत्या कृती थांबवायच्या, त्यांची नावं: बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, शुभकार्यातून वगळणं. मयताची बातमी आल्यावर त्या घरी कोण जाईल, त्या पाच-सहा जणांची नावं. बाईच्या कागदपत्रांसाठी कोण मदत करील, त्याचं नाव. आणि या ठरावाचा आढावा कोणत्या ग्रामसभेत घेतला जाईल, ती तारीख.

आता कायद्याचं. हा ठराव म्हणजे कायदा नाही. त्यात दंड किंवा शिक्षा लिहू नका. ग्रामसभेला अशी शिक्षा करण्याचा अधिकार नाही, आणि दंड लिहिला की तो कुणाला करायचा यावरून गट पडतात. सासूवर पाचशे रुपये दंड बसवून तिच्या मनातली भीती जात नाही, सुनेवरचा राग मात्र वाढतो. ठरावाची ताकद एवढीच की ज्यांना नको होतं, त्यांना “गावाने ठरवलंय” असं म्हणता येतं. पुष्कळ घरांना एवढं कारण पुरतं.

मयताच्या दिवशी

मयताची बातमी ते तिरडी उचलणं यात बहुतेक वेळा तीन ते सहा तास असतात, नातेवाईक लांबून यायचे असतील तर जास्त. ठरावात नावं असलेल्या गटाने पहिल्या तासातच पोचावं. गटात दोन पुरुष, तीन-चार बायका. एक बाई त्याच भावकीतली असावी. बाहेरची माणसं घुसली असं वाटलं की घर आवळतं.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे घरातल्या त्या माणसाला शोधणं, ज्याचा शब्द चालतो. तो थोरला दीर असेल, चुलत सासरा असेल, कधी आत्या असते. त्याच्याशी अंगणात बोलू नये. चार लोकांसमोर विचारलं की माणूस परंपरेच्या बाजूनेच बोलतो, कारण मागे हटलेला दिसायचं नसतं. बाजूला नेऊन, गोठ्यापाशी किंवा मागच्या दारी, प्रतिज्ञापत्र असेल तर ते दाखवावं, नसेल तर ठरावाची प्रत. आणि एकच विचारावं: “आज हे टाळलं तर चालेल ना?” कायमचं वचन मागू नये. आजचा दिवस टळला की दहावा बराच सोपा जातो.

दुसरं काम, दोन बायकांनी तिच्या दोन्ही बाजूंना बसायचं आणि उठायचं नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. दंडाला धरून तिला बाहेर नेणारी बाई येते तेव्हा तिला जागाच मिळत नाही. वाद घालावा लागत नाही. शेजारी बसलेली बाई फक्त म्हणते, “राहू द्या काकी, तिला बसू द्या.” आणि तिला पाणी देत राहायचं. सकाळपासून उपाशी असते, हे कुणाच्या ध्यानात नसतं.

चुकतं ते इथे: गट उशिरा पोचतो, आणि नदीकाठी सगळं झाल्यावर बातमी येते. किंवा गटातला एखादा उत्साही कार्यकर्ता अंगणात भाषण सुरू करतो, मोबाईलवर चित्रण करतो. प्रेताजवळ भाषण म्हणजे त्या घराचा अपमान. फोटो एकही नको. ठराव पाळला हे दाखवण्यासाठी त्या बाईचा चेहरा वर्तमानपत्रात छापणं ही तिच्यावर झालेली दुसरी सक्ती आहे.

आणि तिलाच विचारायचं राहून जातं. तिला स्वतःला मंगळसूत्र काढून ठेवावंसं वाटलं तर तिने काढावं. काहींना ते डोळ्यांसमोर नको असतं, काहींना तोच आधार वाटतो. ‘कुंकू लावलंच पाहिजे’ असा नवा दंडक घालणारं गाव जुन्या प्रथेचीच दुसरी बाजू राबवत असतं. ठराव सक्तीविरुद्ध आहे, दागिन्यांच्या बाजूने नाही. याच कारणाने २०२३ साली विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं अशी सूचना पुढे आली तेव्हा त्यावर टीका झाली. नाव बदलून दिल्याने स्थान बदलत नाही, आणि मुळात बाईची ओळख नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर ठरवायची कशाला? गावपातळीवर काम करणारे ‘एकल महिला’ म्हणतात. त्यात परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित सगळ्याच येतात, आणि योजनांच्या कामातही तो शब्द बरा पडतो.

पहिले तीन महिने: कागद

बांगड्या शाबूत राहिल्या आणि सातबाऱ्यावरून नाव गेलं, असं झालं तर त्या ठरावाने तिला फार काही दिलं नाही. विधवेला शुभकार्यातून वगळणं आणि वाटणीतून वगळणं एकाच मनातून येतं. म्हणून गटातल्या एका माणसाने, निवृत्त शिक्षक असो की बचत गटाची सचिव, तिचे कागद धसास लावण्याची जबाबदारी घ्यावी.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. नोंद २१ दिवसांत मोफत होते. त्यानंतर विलंब शुल्क, परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत काम वाढतं. किमान आठ-दहा प्रती घ्या आणि नावाचं स्पेलिंग आधार व सातबाऱ्याशी ताडून पाहा. ‘रामचंद्र’ आणि ‘रामा’ असा फरक राहिला तर प्रत्येक खिडकीवर अडतं.

मग बँकेचं पासबुक. मागच्या वर्षभराच्या नोंदी एक एक करून वाचा. ४३६ रुपयांची वजावट दिसली तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असण्याची शक्यता मोठी, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख. २० रुपयांची वजावट म्हणजे बहुधा सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूसाठी दोन लाख. किती तरी घरांना हे पैसे कापले जातात हेच माहीत नसतं, आणि दावा करायचा राहून जातो. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाखांची तरतूद आहे. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो, म्हणजे तेरावं होईपर्यंत जवळजवळ निम्मा वेळ गेलेला असतो. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. “आता कशाला चिरफाड” म्हणून शवविच्छेदन टाळलं गेलं की दावा तिथेच अडखळतो. हे मयताच्या दिवशीच, हळू आवाजात, पण स्पष्ट सांगावं लागतं.

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवेला महिना १,५०० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची, राज्यातलं वास्तव्य किमान १५ वर्षं. अर्ज तहसील कार्यालयात. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून तिचं स्वतःचं, आधारशी जोडलेलं खातं आधी हवं. दिराच्या मोबाईल नंबरला जोडलेलं खातं म्हणजे पैसे आल्याचा संदेश दिराला.

जमिनीचं सगळ्यात नाजूक. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा हिस्सा. पत्नी, दोन मुलं आणि सासू असतील तर स्वकष्टार्जित मालमत्तेत प्रत्येकी पाव. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत आधी नवऱ्याचा हिस्सा काढावा लागतो आणि मग तो असा वाटला जातो. तिने नंतर लग्न केलं तरी नवऱ्याकडून मिळालेला हिस्सा परत जात नाही. “लग्न केलंस तर जमीन सोडावी लागेल” हे कायद्यात नाही, फक्त धाकात आहे. मुस्लिम कुटुंबात मुलं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, नसतील तर पाव. गोव्यात समान नागरी कायद्यामुळे लग्नाच्या सर्वसाधारण पद्धतीत पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणजे निम्मी मुळात तिचीच. गेलेल्याच्या वारशाचा प्रश्न उरलेल्या निम्म्याचा.

वारस नोंदीसाठी हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यायचा: मृत्यूचा दाखला, सातबारा व आठ-अ, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं स्वयंघोषणापत्र. वारस नोंदवही, मग फेरफार, मग हितसंबंधितांना नोटीस आणि हरकतीसाठी १५ दिवस, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. ‘सगळ्या वारसांची नावं’ यात मुलींची आणि सासूची नावं गाळू नका. एक नाव गाळलं की पुढे हरकत येते.

दोन अक्षरी-तीन अक्षरी नोंदींकडे बारकाईने पाहा. सातबाऱ्यावर थोरल्या दिराच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची आहे, दीर फक्त त्यांच्या वतीने. अशा उताऱ्यावर गेलेल्या नवऱ्याचं नावच नसतं आणि “त्याच्या नावावर काही नव्हतंच” असं सांगून बाईला परत पाठवतात. जुने फेरफार काढा, सासऱ्याच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत सगळ्या भावांची नावं सापडतील. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं नाव लागायला हवं, काकाचं नाही.

याच तीन महिन्यांत हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. “सही कर, आम्ही सांभाळू तुम्हाला.” नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालं की ते फिरवणं फार कठीण. म्हणून सोपा नियम: वर्षश्राद्धापर्यंत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कुणाबरोबर जायचं नाही, आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. घराबाहेर काढण्याची भाषा झाली तर कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण कायदा २००५ कामी येतो. ज्या घरात ती नांदली तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असलं तरी. मे २०२२ मध्ये, हेरवाडच्या ठरावानंतर थोड्याच दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाने एका विधवेच्याच खटल्यात हा हक्क उचलून धरला. तक्रार तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते.

यातलं पुष्कळ काम नवरा जिवंत असतानाच सोपं होतं. लक्ष्मीमुक्तीच्या १९९२ च्या शासन निर्णयानुसार पतीने अर्ज केला तर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. गावठाणातलं घर दोघांच्या नावे करता येतं. ज्या दिवशी माणूस प्रतिज्ञापत्रावर सही करतो, त्याच दिवशी त्याच्यासमोर हे दोन अर्जही ठेवा. बांगड्यांसाठी तयार झालेला माणूस जमिनीसाठी कधी कधी अडतो. अडला तर घाई नको, पण विषय काढायचा सोडायचा नाही.

ठराव विझतो तो इथे

पहिल्या महिन्यात फलक लागतो, सत्कार होतो. सहा महिन्यांनी विचारलं तर ठरावाची तारीखही कुणाला आठवत नाही. गावात झालेल्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीतच होते, म्हणजे अशा मयतांची माहिती कार्यालयात आपोआप येते. त्या नोंदीला जोडून एक साधी वही ठेवायची. रकाने इतकेच: मृत्यूची तारीख, गट किती वाजता पोचला, प्रथा थांबली का, कोण बाजूने बोललं, पत्नीला काय हवं होतं, दाखला मिळाल्याची तारीख, विम्याचा दावा, निराधार अर्ज, वारस फेरफार मंजूर झाल्याची तारीख. नावं वहीत राहू द्या, ग्रामसभेत वाचायची नाहीत. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सभेत फक्त आकडे सांगायचे: गेल्या सहा महिन्यांत गावात किती विवाहित पुरुष गेले, किती घरांत बांगड्या फुटल्या, किती जणींचं नाव सातबाऱ्यावर लागलं, किती अर्ज तहसीलला पडून आहेत.

आणि संक्रांतीला बचत गटाच्या हळदीकुंकवाची यादी करताना ती गावच्या मतदार यादीवरून करायची. आठवणीतून केली की एकल बायकांची नावं गळतात, मुद्दाम नाही, सवयीने. आमंत्रण द्यायला दोघींनी घरी जायचं, दोघींतली एक एकलच असू द्या. पहिल्या वर्षी बहुतेक जणी येत नाहीत, “बरं नाही” म्हणतात. वाण त्यांच्या घरी पोचतं करायचं आणि पुढच्या संक्रांतीला पुन्हा बोलवायला जायचं.